जुन्या स्पोर्ट्स कारच्या मागच्या एक्सलमधून आवाज, धक्का किंवा तेल यायला लागलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनाचं काम करणारा माणूस जळगाव-धुळ्याला मिळतो, कार्ब्युरेटर कळणारे जुने मिस्त्री पण अजून आहेत, पण मागून आवाज आला की सगळीकडे एकच वाक्य ऐकू येतं, "डिफ्रन्शियल गयं भो, खोलनं पडी." डिफ्रन्शियल म्हणजे मागच्या एक्सलच्या मधला दातेरी जुडगा जो दोन चाकांना वेगवेगळं फिरू देतो. आणि मग त्याच्यातलं चांगलं चाललेलं क्राउन-पिनियन, म्हणजे ताकद चाकांकडे वळवणारी मोठ्या-छोट्या दातेरी चाकांची जोडी, उगाच बाहेर निघतं. माझं म्हणणं असं की नव्याने जोडलेल्या जुन्या गाडीत मागचा बिघाड बहुतेक वेळा गाडीच्या वयाचा नसतो, जोडणीचा असतो, आणि तो हौसिंग (एक्सलचं बाहेरचं घर) न खोलता बऱ्यापैकी बाहेरूनच ओळखता येतो. खालची उत्तरं मुख्यतः एमजीबी ही जुनी इंग्रजी स्पोर्ट्स कार धरून लिहिली आहेत, कारण सरळ एक्सल आणि पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असल्यामुळे ती आपल्याकडच्या मिस्त्रीला लगेच समजते. स्पिटफायर आणि हेराल्डवाल्यांसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलंय, कारण त्यांची मागची रचनाच वेगळी आहे.

माझ्या एमजीबीला कोणता एक्सल आहे हे कसं ओळखायचं, आणि त्याने काय फरक पडतो?

गाडीखाली वाका आणि मागून बघा. मधलं पोट गोल, मागची बाजू बंद, बोल्टचं झाकण नाही, म्हणजे बॅन्जो एक्सल. मध्ये बिडाचं घर, दोन्ही बाजूंनी पाइप घुसवलेले आणि मागे बोल्टांनी बसवलेलं झाकण, म्हणजे ट्यूब एक्सल, ज्याला सॅलिसबरी पण म्हणतात. एमजीबी १९६२ ते १९८० अशी बनली, सुरुवातीच्या उघड्या गाड्यांना बॅन्जो होता, बंद छपराच्या जीटीला १९६५ ला आली तेव्हापासूनच ट्यूब, आणि उघड्या गाडीला पण १९६७ च्या सुमारास ट्यूब आला. पण कागदावरचं वर्ष बघून ठरवू नका, इतक्या वर्षांत कोणी कोणता एक्सल घातला असेल सांगता येत नाही, डोळ्याने बघा.

फरक मोठा आहे. बॅन्जोमध्ये चाकाचा हब हौसिंगच्या टोकावरच्या बेअरिंगवर बसतो, त्यामुळे डिफ्रन्शियलपासून चाकापर्यंत जाणारा हाफ शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं, गाडी फक्त पुढे जात नाही. ट्यूबमध्ये शाफ्टच चाकाचं वजन पण उचलतो, म्हणजे तिथे बाहेरच्या टोकाला तडा असेल तर तो जिवावरचा धोका. काम करायची पद्धत पण वेगळी: बॅन्जोचं डिफ्रन्शियल दोन्ही शाफ्ट ओढून पुढच्या बाजूने अख्खं बाहेर येतं, ट्यूबचं मागचं झाकण काढून आत काम करावं लागतं आणि पूर्ण काढायचं तर घर किंचित ताणणारं खास साधन लागतं, पहारीने उचकटून काढायचा प्रयत्न कोणी करत असेल तर हात धरा त्याचा.

मागून हूं-हूं आवाज येतोय, सुरुवात कुठून करू?

रस्त्यावरून. गॅरेजमध्ये उभ्या गाडीला कान लावून काही कळत नाही. जळगावहून एरंडोल-पारोळ्याकडे जाणारा हायवे पहाटे बरा, ट्रक कमी असतात, एक माणूस शेजारी बसवा ज्याचं काम फक्त ऐकायचं आणि लिहायचं, खिडक्या एकदा उघड्या एकदा बंद.

६० च्या आसपास स्पीड धरा आणि चार अवस्था वेगवेगळ्या ऐका. एक, ॲक्सिलरेटर दाबून गाडी ओढत असताना. दोन, पाय काढून गाडी इंजिनावर हळू होत असताना. तीन, स्पीड नुसता टिकेल इतकाच पाय. चार, न्यूट्रल करून गाडी तशीच सोडलेली. रस्ता मोकळा असेल तरच हे करा, इंजिन बंद करायचं नाही आणि चावीला तर हातच लावायचा नाही.

आता अर्थ. दाबल्यावर येतो आणि पाय काढल्यावर जातो, किंवा उलटं, म्हणजे लोडवर बदलतो, तर तो क्राउन-पिनियनच्या दातांचा किंवा पिनियन बेअरिंगचा. दाताच्या दोन बाजू असतात, गाडी ओढताना एक बाजू काम करते आणि उतारावर गाडी इंजिनाला ढकलते तेव्हा दुसरी, म्हणून फक्त एकाच अवस्थेत आवाज असेल तर दात कुठे चुकीचे भिडताहेत याचा अंदाज येतो. न्यूट्रलमध्ये सोडल्यावरही तसाच राहिला, फक्त स्पीडप्रमाणे कमी-जास्त होतो, तर चाकाचं बेअरिंग किंवा टायर. टायरचा आवाज सिमेंटचा रस्ता सुटून डांबरी लागला की लगेच बदलतो, बेअरिंगचा बदलत नाही. चाकाचं बेअरिंग असेल तर लांब वळणावर वजन एका बाजूला गेलं की आवाज वाढतो किंवा दबतो. आणि गाडी उभी असताना नुसता क्लच दाबून-सोडून आवाज बदलत असेल तर तो मागचा नाहीच, गिअरबॉक्सकडे जा.

लोडची परीक्षा घ्यायची असेल तर धुळ्याहून मालेगावकडे लळिंगचा घाट आहे, चढाला एक बाजू ऐकायची आणि परत येताना उताराला दुसरी. चाळीसगाववाल्यांना औट्रम घाट आहेच, पण तिथल्या वाहतुकीत लक्ष रस्त्यावर ठेवा, आवाज शेजारचा ऐकेल.

अजून एक, ठराविक अंतराने टिक-टिक होत असेल तर मोजा. एमजीबीचा रेशो ३.९०९ आहे, क्राउनला ४३ दात आणि पिनियनला ११, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात पिनियन जवळजवळ चार फेरे घेतो. गाडी हळू ढकलून बघा, चाकाच्या एका फेऱ्यात एकदाच टिक तर क्राउनचा दात, चाक किंवा ब्रेक ड्रम, आणि एका फेऱ्यात जवळपास चारदा तर पिनियन किंवा गिअरबॉक्सपासून मागे येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टकडचं काहीतरी. ढकलायला दोन पोरं लागतात बाकी खर्च शून्य.

गिअर टाकून क्लच सोडला की मागे "ठक्क" होतं. क्राउन-पिनियन गेलं का?

बहुतेक नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

इंजिनापासून चाकापर्यंत जितके जोड आहेत तितक्या ठिकाणी थोडा थोडा प्ले (मोकळी हालचाल) असतो आणि ठक्क ही त्या सगळ्यांची बेरीज असते, त्यामुळे एका ठिकाणचं माप चुकीचं धरून बाकीच्यांकडे दुर्लक्ष होतं. पुढच्या चाकांना दगड लावा, मागचा एक्सल स्टँडवर घ्या, पण स्टँड एक्सलच्या पाइपखाली लावा, बॉडीखाली नको, बॉडीखाली लावला की एक्सल लोंबकळतो आणि शाफ्टचा कोन बदलतो, मग जे दिसतं ते खोटं. हँडब्रेक सोडलेला, गाडी गिअरमध्ये.

पहिले प्रोपेलर शाफ्टचे दोन्ही क्रॉस, म्हणजे टोकांचे वाकणारे सांधे. क्रॉसच्या अलीकडे-पलीकडे दोन हातांनी धरून उलटसुलट पिळा. हाताला नुसता हलकासा जरी खटका लागला तरी तो क्रॉस संपला, कॅपजवळ तांबूस गंजाची पावडर दिसली तर बघायचीच गरज नाही.

मग तारेची चाकं असतील तर हबचे खाचे. मधला एकच मोठा नट असलेल्या चाकांत सगळी ताकद हबच्या खाचांवरून चाकाला जाते आणि ते खाचे झिजून त्यांची टोकं चाकूसारखी धारदार होतात. एकाने ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने चाक पुढे-मागे हलवायचं, ड्रम हलत नाही पण चाक हलतं म्हणजे झालं, तुमचा ठक्क तिथे आहे. नवीन चाक जुन्या झिजलेल्या हबवर बसवलं तर नवीन चाकाचे खाचे पण लवकर जातात, दोन्ही सोबत बदलायचे.

मग पाट्यांचे यू-बोल्ट आणि पाट्यांचे बुश. यू-बोल्ट सैल असला तर पूर्ण एक्सलच पाट्यावर गोल फिरायला बघतो. खाली एक माणूस बघत असताना वर गाडी किंचित पुढे-मागे झटकवली की पिनियनचं नाक वर-खाली उड्या मारताना दिसतं.

एवढं सगळं ठीक निघालं तर मग डिफ्रन्शियल. त्यात पण आधी दोषी असतात ते सन गिअर आणि स्टार गिअर या आतल्या छोट्या गिअरच्या मागचे थ्रस्ट वॉशर (घासणाऱ्या चकत्या), क्राउन-पिनियन नाही. एमजीबीचे हे वॉशर झिजतात हे जगभर माहीत असलेलं दुखणं आहे. ट्यूब एक्सलला मागचं झाकण काढून, शाफ्ट थोडे बाहेर घेऊन हे वॉशर बदलता येतात, क्राउन-पिनियनच्या सेटिंगला हात लावायचं कारण नाही. वॉशर घेताना स्टार गिअरची पिन पण बघा, तिच्यावर पायरी पडली असेल तर नुसते वॉशर बदलून उपयोग नाही.

आणि खरोखर क्राउन-पिनियनचाच प्ले मोजायचा असेल तर डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापक) लावून मोजा, बोटाने नाही. या जुन्या इंग्रजी एक्सलमध्ये तो साधारण इंचाच्या ५ ते ९ हजारांशात असतो, म्हणजे हाताला जेमतेम जाणवेल एवढाच. चाकाच्या कडेला बोटभर प्ले दिसला म्हणून लगेच क्राउन-पिनियनला दोष द्यायचा नाही.

सरळ जाताना काही नाही, फक्त वळताना घरघर किंवा कट-कट होतं?

सरळ जाताना स्टार गिअर आपल्या पिनवर फिरतच नाहीत, सगळा जुडगा एकत्र फिरतो. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं तेव्हाच ते काम करतात, म्हणून आवाज फक्त वळणावर असेल तर संशय त्यांच्यावर. मोकळ्या मैदानात अगदी हळू, स्टिअरिंग पूर्ण कापून आधी डावीकडे मग उजवीकडे गोल फिरवा. दोन्हीकडे सारखाच आवाज तर स्टार गिअर-पिन, एकाच बाजूला जास्त तर चाकाचं बेअरिंग नाहीतर टायर वर कुठे घासतोय ते बघा, नवीन रुंद टायर टाकलेल्या गाड्यांत हे होतं.

इंजिन चालू, गिअर पडतो, क्लच नवीन, पण गाडी जागची हलत नाही.

प्रोपेलर शाफ्ट फिरतोय का ते खालून कोणाला तरी लांबून बघायला लावा. फिरतोय आणि चाक फिरत नाही तर हाफ शाफ्ट तुटला किंवा त्याचे खाचे सोलून गेले. लोक विचारतात की एकच शाफ्ट तुटला तर दुसऱ्या चाकाने गाडी का चालत नाही, तर साध्या डिफ्रन्शियलमध्ये जिकडे अडकाव कमी तिकडे सगळं फिरणं निघून जातं, म्हणून एक बाजू मोकळी झाली की गाडी उभी.

खात्री अशी करा: मागची दोन्ही चाकं उचला, इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, एक चाक हाताने फिरवा, दुसरं उलट्या दिशेने फिरायला पाहिजे. एक फिरतंय आणि दुसरं ढिम्म हलत नाही तर कुठेतरी तुटलंय. कोणती बाजू ते शाफ्ट ओढल्यावर कळेल. बॅन्जोमध्ये शाफ्ट ओढणं सोपं, पण हब पण काढायचा असेल तर डाव्या बाजूच्या मोठ्या आठकोनी नटचे आटे उलटे आहेत, हे माहीत नसलेला माणूस तो नट आणि हौसिंगचे आटे दोन्ही खराब करून ठेवतो.

तुटलेला तुकडा फेकू नका, तो कारण सांगतो. तुटलेल्या जागेचा काही भाग गुळगुळीत, काळपट, त्यावर पाण्याच्या लाटांसारख्या रेषा आणि उरलेला भाग खडबडीत ताजा, तर तडा खूप आधीपासून हळूहळू वाढत होता. सगळाच भाग ताजा खडबडीत आणि पिळा पडल्यासारखा तिरपा, तर एकाच झटक्यात ताकदीने तुटला, क्लच आपटून सोडला असेल किंवा चाक खड्ड्यात फिरता फिरता अचानक पकडलं असेल.

हाफ शाफ्ट एमआयडीसीतल्या लेथवर बनवून घेऊ का?

लेथवाला माप हुबेहूब काढून देईल, आपल्याकडे हाताला कस असलेले लोक आहेत, पण प्रश्न मापाचा नाही, लोखंडाचा आहे. शाफ्ट ईएन २४ सारख्या मिश्र पोलादाचा आणि नीट हीट ट्रीटमेंट झालेला लागतो. साध्या पोलादाचा बनवला तर तो पिळला जातो, मग खाचे तिरपे होतात, मग तो डिफ्रन्शियलमधून निघत पण नाही. तुटलेल्याला वेल्डिंग मारून चालवणं तर करूच नका, ट्यूब एक्सलला तर अजिबात नाही. धातूचं सर्टिफिकेट आणि हीट ट्रीटमेंट दोन्ही दाखवणारा कोणी असेल तर जरूर करा, नाहीतर बाहेरून मागवा. एमजीबीचे पार्ट्स आजही नवीन बनतात, वाट बघावी लागते एवढंच.

रिस्टोरेशनमध्ये एक्सल पूर्ण साफ करून रंगवला होता, बेअरिंग नवीन, मग आवाज का?

साफ करताना आणि रंगवतानाच बिघाड शिरतात, भाऊ.

सगळ्यात वाईट म्हणजे सँडब्लास्टिंग. हौसिंग ब्लास्टिंगला देताना दोन्ही टोकं आणि मधलं तोंड घट्ट बंद केलं नाही तर वाळू पाइपच्या आत जाऊन कोपऱ्यात बसते, वरवर धुतलं तरी निघत नाही, आणि गाडी पाच-पन्नास किलोमीटर चालली की तेलात मिसळून बेअरिंगांवर येते. नवीन बेअरिंग लगेच घरघरायला लागलं आणि तेल काढल्यावर बोटांना कचकच लागली तर हेच. मग सगळं खोलून पाइप रॉकेल आणि लांब ब्रशने आतून धुवायचा, हवा मारायची, परत धुवायचा.

दुसरं, ब्रीदर. हौसिंगच्या वर एक छोटं श्वास घ्यायचं भोक असतं, रंगाने ते बुजतं. एक्सल तापला की आतली हवा फुगते, बाहेर जायला वाट नाही, मग ती सीलमधून तेल ढकलते. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला ४५ च्या वर पारा जातो, तिथे हे जास्तच होतं. दोन-दोन वेळा सील बदलून पण तेल येतंय म्हणणाऱ्यांनी पहिले एक तार घेऊन हे भोक बघावं.

तिसरं, रंगाचा थर. पावडर कोटिंग चकचकीत दिसतं पण पाट्याच्या बसायच्या जागेवर ते जाड बसलं तर यू-बोल्ट कसल्यानंतर तो थर दबतो आणि बोल्ट आपोआप सैल होतात. बसायच्या जागा रंगवू नका, आणि पहिल्या काही शे किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत टॉर्कला कसा.

चौथं, प्रोपेलर शाफ्टचा सरकता जोड सुटा करून परत बसवताना एक दात मागेपुढे झाला तर दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत राहत नाहीत, मग ठराविक स्पीडला पूर्ण गाडी थरथरते आणि लोक चाकं बॅलन्स करत बसतात. काढायच्या आधी खूण करायची असते. नसेल केली तर दोन्ही काटे एका सपाटीत आहेत का ते बघा, शाफ्ट जमिनीवर ठेवून लगेच दिसतं.

पाचवं, आणि हे फार वाईट वाटतं बघून, दोन एक्सलमधून एक बनवलेला. क्राउन आणि पिनियन कारखान्यात जोडीने घासून मिळवलेले असतात. एकाचं क्राउन आणि दुसऱ्याचं पिनियन, दोन्ही दिसायला नवे कोरे, तरी आवाज करणारच, आणि कितीही शिम (माप जुळवायच्या पातळ चकत्या) घाला तो जाणार नाही.

सहावं, नुसतं उभं राहणं. गाडी वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी, क्राउनचा खालचा भाग तेलात आणि वरचा कोरडा. पावसाळ्यात वरच्या भागावर गंज धरतो, दातांवर आणि बेअरिंगच्या रोलरवर ठिपके पडतात. बाहेरून एक्सल नवा दिसतो. म्हणून रिस्टोरेशनला घेताना झाकण काढून, क्राउन पूर्ण एक फेरा फिरवून प्रत्येक दात बॅटरीच्या उजेडात बघणं गरजेचं आहे, रंग नंतर.

तेल कोणतं घालू?

हायपॉइड ईपी ९०. क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतात, म्हणून दाब सहन करणारं तेलच लागतं. गोंधळ असा होतो की एमजीबीच्या साध्या गिअरबॉक्सला इंजिनाचंच तेल लागतं, ते कोणीतरी वाचतो आणि मागे पण तेच ओततो. तसं झालं असेल तर गाडी चालवू नका, काढून टाका. भरताना गाडी सपाट जागी, फिलर प्लगच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत, जास्त झालेलं वाहून जाऊ द्या आणि मगच प्लग लावा.

काढलेल्या तेलात चुरा निघाला, घाबरायचं का?

पांढऱ्या फडक्यातून गाळा आणि लोहचुंबक फिरवा. करड्या रंगाचा मऊ गाळ, बोटात लोण्यासारखा, तो चालतो, पहिल्या तेलात तर येणारच. चमकणारे चपटे कण म्हणजे दाताचा किंवा बेअरिंगचा पापुद्रा सुटतोय. चुंबकाला न चिकटणारे तांबूस-पिवळे कण हे थ्रस्ट वॉशरचे. हाताला टोचेल असा तुकडा निघाला तर गाडी स्टार्ट पण करू नका. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय.

मागच्या चाकाच्या आतून ओलं दिसतंय, ब्रेक पण लागत नाही.

ड्रम काढा आणि वास घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो आणि ते घट्ट असतं, ब्रेक ऑइल पातळ असतं आणि रंग उचलतं. गिअर ऑइल असेल तर आधी ब्रीदर, मग तेलाची पातळी, मग हबचं सील. तेल प्यालेले लायनर धुवून परत लावायचे नाहीत, बदलायचे, दोन्ही बाजूंचे.

पुढे पिनियनकडून गळत असेल तर सील बदलणं सोपं दिसतं पण तिथे एक गोष्ट सांभाळा. ट्यूब एक्सलमध्ये पिनियनच्या नटखाली दबणारा स्पेसर असतो, तो दबूनच बेअरिंगचा ताण ठरतो. नट जास्त कसला की स्पेसर जास्त दबला, मग नट सैल करून चूक सुधारत नाही, नवीन स्पेसरच लागतो. म्हणून नट काढायच्या आधी चाकं-ड्रम मोकळे करून पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते स्प्रिंग काट्याने मोजून लिहा, नट-पिनियनवर पंचने खूण करा, आणि परत त्याच खुणेला, त्याच जोराला आणा. बॅन्जोमध्ये स्पेसर न दबणारा आहे, तिथे टॉर्कला कसलं की झालं. इम्पॅक्ट गन दोन्हीकडे लांब ठेवा.

उन्हात एक्सल हाताला चटका देतो, हे बरोबर आहे का?

मे महिन्यात दुपारी सगळंच चटका देतं. एकटं तापमान काही सांगत नाही, तुलना सांगते. लांब चालवून आल्यावर, ब्रेक फार न दाबता, डावा हब आणि उजवा हब इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा, एक दुसऱ्यापेक्षा बराच गरम तर तिकडचं बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक. पिनियनचं नाक मधल्या पोटापेक्षा खूपच तापत असेल तर बेअरिंग जास्त कसलंय.

आपल्याकडे हे काम कोण करेल?

चोपडा, यावल, शिरपूर पट्ट्यात काळी-पिवळी जीप किती वर्षं चालल्या, त्यांचे क्राउन-पिनियन बसवणारे मिस्त्री हे या कामात शहरातल्या चकाचक वर्कशॉपपेक्षा मला जास्त भरवशाचे वाटतात. निळा रंग लावून दातावरचा ठसा बघणं, शिम मागेपुढे करणं, हे त्यांना येतं. ॲम्बेसिडरवर हात बसलेला कोणी म्हातारा मिस्त्री सापडला तर अजून उत्तम, ती मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली गाडी, इंग्रजी घराण्याचीच. फक्त तुम्ही तीन गोष्टी सोबत न्या: गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल, इंचाचे पाने आणि डायल गेज. नट-बोल्ट यूएनएफ म्हणजे इंचाच्या मापाच्या आट्यांचे आहेत, जवळपास बसतोय म्हणून मिलिमीटरचा बोल्ट घुसवला की आटे गेले. बेअरिंगवरचा नंबर आणि सीलचं आतलं-बाहेरचं माप लिहून धुळ्या-जळगावच्या बेअरिंगवाल्याकडे गेलात तर बरंच काही इथेच मिळतं, पण फार स्वस्त डबा उघडू पण नका. जुने शिम कुठून निघाले ते लिहून सुतळीत ओवून ठेवा, सेटिंगची सुरुवात तिथूनच होते.

माझ्याकडे स्पिटफायर आहे, हेराल्ड पण आहे, हे सगळं लागू पडतं का?

आवाजाचं आणि तेलाचं पडतं. पण त्यांच्यात डिफ्रन्शियल चासीला बांधलेलं असतं, वर एक आडवा पाटा, आणि दोन्ही बाजूंचे शाफ्ट चाकासकट वर-खाली झुलतात. चाक धरून ठेवणारा तो शाफ्टच, म्हणून बाहेरचं बेअरिंग वाजायला लागलं तर "बघू दिवाळीनंतर" असं चालत नाही, शाफ्ट हबजवळ तुटला तर चाक निघून जातं. चाक वर-खाली धरून हलवा, खटका लागला तर त्याच दिवशी गाडी उभी करा. हब टेपरवर इतका घट्ट बसलेला असतो की हातोड्याने काढायला गेलं तर शाफ्ट वाकतो, जाड पुलरच पाहिजे.

स्टँडर्ड हेराल्ड मद्रासला बनायची त्यामुळे तिचे जुने पार्ट्स अजून इकडे-तिकडे सापडतात. घेताना एवढंच बघा की ते स्टँडर्डच्याच नंतरच्या गॅझेल गाडीचे नाहीत, गॅझेलला १९७२ पासून मागे सरळ एक्सल दिला होता, तिचं मागचं काही तुमच्या गाडीला बसणार नाही.

रस्त्यातच मोठा आवाज झाला तर घरापर्यंत हळूहळू आणू का?

नुसती हूं-हूं असेल, तेल भरलेलं असेल, चाकाला खटका नसेल, तर हळू आणता येते, एक्सल त्या आवाजात हजारो किलोमीटर पण चालतो. पण कडकड तुटल्याचा आवाज, चाक अडकून घसरणं, जळल्याचा वास, किंवा मागचं चाक तिरपं दिसणं, यातलं एक जरी असलं तर कोंडाईबारीचा घाट असो की भर हायवे, तिथेच बाजूला घ्या. सुटलेला दात क्राउन-पिनियनच्या मध्ये आला तर मागची चाकं चालत्या गाडीत जाम होतात. आणि दोरी बांधून ओढत नेऊ नका, मागची चाकं जमिनीवर फिरली की आतलं तुटलेलं पण फिरतं आणि उरलेलं चांगलं पण खातं, शिवाय मोकळा शाफ्ट बाहेर सरकू शकतो. सपाट टेम्पो बोलवा, गाडी चढवताना विंच पुढून लावा, आणि पट्टे एक्सलच्या पाइपला बांधा पण ब्रेकच्या बारीक नळीवर येऊ देऊ नका, ती नळी त्या पाइपवरूनच गेलेली असते.